मीराला दिलेली नावं

बोरखडी, नळदुर्गजवळ
४ सप्टेंबर २०२५

प्रेमादादा,

जय भीम. एवढा मान सुरुवातीलाच देऊन ठेवते, पुढं देईन की नाही सांगता येत नाही.

अकरा फोन केले. तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस, ते मला इथं दिसतं. म्हणून वहीचा कागद घेतला. मेसेज बोटानं वर सरकवता येतो, कागद हातानं फाडावा लागतो. फाड, पण आधी वाच.

माझं खातं बंद केलंय तुझ्या कंपनीनं. तुझीच म्हणते मी, कारण दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला तूच जुना लॅपटॉप पाठीवर टाकून आलास आणि विहारात सगळ्यांसमोर म्हणालास, "घरबसल्या काम आहे, मशीनला ओळखायला शिकवायचं म्हणून फोटोतल्या गाड्यांभोवती चौकटी ओढायच्या, बस." डी.एड. करून सहा वर्षं घरी बसलेल्या बाईला आणखी काय पाहिजे? मी ओढल्या. परदेशातले रस्ते, गाड्या, सायकली, कुत्री, कचऱ्याचे डबे. जास्त पैशांच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचले. आमच्या तालुक्यात तिसऱ्या पायरीवर मी एकटी होते.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. ऑगस्टमध्ये मला डेंगी झाला. पेशी उतरल्या, धाराशिवच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. तुमचा नियम असा की सात दिवस काम केलं नाही तर माणूस परत पहिल्या पायरीवर. दोन वर्षांची चढण पाण्यात. मग आपल्याकडं जे करतात तेच बायकांनी केलं. सावड. कुणाची खुरपणी मागं पडली, घरात आजारपण आलं, की चार जणी जातात, एकेक पात धरतात आणि रान उरकून येतात. मजुरी नाही. आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. तशाच हेच काम आपापल्या खात्यावर करणाऱ्या चौघी माझ्या लॅपटॉपवर बसल्या: आरोही, सोनाली, माझ्या सासूबाई भिमाबाई आणि वरच्या आळीतली धुरपदाबाई. आपापलं काम उरकून रोज तास-तासाची पात धरली. अकराशे फोटो केले. एक चूक नाही.

सव्वीस तारखेला मदत-खिडकीतून मीरा नावाच्या बाईचा मेसेज आला. लई गोड बोलते ती. "गौरी, तुमची तब्येत कशी आहे? या काळात तुमच्या खात्यावर इतर कोणी काम केले का?" मला वाटलं कौतुक करणार. एवढं चोख काम झालंय, विचारताहेत कुणी केलं. मी चौघींची नावं लिहिली. पूर्ण नावं, गावासकट. वर हेही लिहिलं की धुरपदाबाईंनी सगळ्यात जास्त केलंय, त्यांची नोंद घ्यावी.

घेतली नोंद. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर पाचही खाती बंद. माझं एक आणि त्यांची चार.

माझं जाऊ दे. पण चौघींची नावं मी माझ्या हातानं दिली. धुरपदाबाई चौपन्न वर्षांची, सातवी शिकलेली. महिनाभर माऊस तिच्या हातातून उंदरासारखा पळायचा. वरच्या आळीची बाई पायरीवर चप्पल काढून विहारात येऊन बसते, यावर गावानं आठ दिवस चर्चा केली, ती डगमगली नाही. रोज सकाळी स्क्रीनवर "नमस्कार, धुरपदाबाई" आलं की ती स्क्रीनला हात जोडायची. आयुष्यात तिला नुसत्या तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. काल ती दारात आली. म्हणाली, "गौरे, ते म्हणतंय असा वापरकर्ता अस्तित्वात न्हाय. म्या तर हाय की गं."

मी तिला शब्द दिलाय की चौघींची खाती परत आणीन. तू त्या कंपनीत बसतोस. आण.

गौरी

---

पुणे
११ सप्टेंबर २०२५

प्रिय गौरी,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या आजारपणाबद्दल वाचून वाईट वाटले. झालेल्या गैरसोयीची मला कल्पना आहे आणि तुझ्या भावना मी समजू शकतो.

फोन न उचलण्याचे कारण असे की कंपनीचे ॲप माझ्या फोनमध्ये आहे. या विषयावर फोनवर काही लिहू-बोलू नकोस. पत्रच बरे.

माझा विभाग वेगळा आहे, खाती बंद-चालू करण्याशी माझा संबंध येत नाही. तरी ओळखीतून विचारले. एका खात्यावर एकाच व्यक्तीने काम करावे असा नियम आहे. तू नोंदणी करताना तो मान्य केला होतास. सगळेच न वाचता करतात, तुला दोष देत नाही.

उपाय एकच. अपील कर. त्यात लिही की ताप होता, औषधांची गुंगी होती, नावे चुकून टाइप झाली, प्रत्यक्षात कोणीही खात्याला हात लावला नाही. थोडक्यात लिही. मोठे उत्तर कोणी वाचत नाही.

आणि मला नीट कळव की तुम्ही नेमके कसे बसता, लॅपटॉप किती, इंटरनेट कोणाचे. म्हणजे मला इथे योग्य माणसाला समजावता येईल.

काळजी घे. मावशीला नमस्कार.

प्रेमानंद

---

बोरखडी
१९ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्ये प्रेमानंदानं लिवलंय का हापिसानं?" मलाही कळेना. "तुझ्या भावना मी समजू शकतो" हे वाक्य मीरानं मला तीन वेळा लिहिलंय. तिथं सगळ्यांना एकाच पाटीवर शिकवतात काय?

खोटं लिहायचं ठरवलं होतं, लपवत नाही. "नावे चुकून टाइप झाली" इथपर्यंत लिहिलंसुद्धा. धुरपदाबाई शेजारी बसली होती, तिनं विचारलं काय लिहितेस. सांगितलं. ती उठून उभी राहिली. "म्या काम केलं न्हाय म्हून लिवतीस? चोरी केली व्हय म्या? रातंदिस डोळं फोडलं ते कुणी, माझ्या भुतानं?"

मग खोडलं, आणि खरं लिहिलं. सावड म्हणजे काय, पात म्हणजे काय, आजारी बाईचं रान ओसाड पडू देत नाहीत म्हणजे काय. दोन पानं भरतील एवढं. मीरा शहरातली असेल, तिनं खुरपं पाहिलं नसेल, म्हणून अगदी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. काम चौघींनी केलं म्हणून ते वाईट झालं असेल तर फोटो परत तपासा, असंही लिहिलं. तपासायला त्यांना कुणी अडवलंय?

आता तू विचारलंस ते. मीराला हे लिहिलं नाही, तिनं विचारलं नाही. आम्ही बारा जणी विहारात बसतो, कारण गावात रेंज फक्त तिथं येते. लॅपटॉप तीन, बाकीच्या जणी आपापल्या फोनवर. डोंगल एक, सगळ्या वर्गणी काढून भरतो. प्रत्येकीचं खातं वेगळं, काम वेगळं. धुरपदाबाई फोटो बघताना म्हणते, "या गावात माणसं कुठं हायत गं? निस्त्या गाड्या." आम्ही हसतो. म्हणजे हसायचो. आता ती येत नाही. तिचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "तिथं जाऊन बसलीस म्हून नाव गेलं तुझं." तिथं म्हणजे कुठं हे त्यानं वेगळं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

हे सगळं त्या योग्य माणसाला समजाव. बारा जणी एकत्र बसतात म्हणजे बारा जणी आहेत, एक नव्हे. इतकं तरी कळेल ना त्याला?

गौरी

---

बोरखडी
३ ऑक्टोबर २०२५

प्रेमानंद,

दादा लिहिलं नाही, लक्षात आलं असेल.

तुझं उत्तर आलं नाही, मीराचं आलं. माझं अपील नामंजूर. ते मला अपेक्षित होतं. पण त्याच दिवशी आणखी सात बायकांची खाती बंद झाली. ज्यांनी माझ्या लॅपटॉपला बोटसुद्धा लावलं नव्हतं त्या सात. विहारात आता एकही खातं जिवंत नाही. तीन लॅपटॉप झाकून ठेवलेत, बाबासाहेबांच्या फोटोखाली.

त्या सातजणींना आलेल्या मेसेजमधलं वाक्य तुला उतरवून देते. "बोरखडी येथील विहारातून एकाच इंटरनेट जोडणीवर अनेक खाती चालवली जात असल्याचे आढळले आहे."

विहार. हा शब्द मीराला कुणी सांगितला? मी माझे सगळे मेसेज काढून वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. मी मीराला सावड सांगितली, पात सांगितली, डेंगी सांगितला. विहार सांगितला नाही. डोंगल सांगितलं नाही. ते मी एकाच माणसाला लिहिलं, वहीच्या कागदावर, पाच रुपयांचं तिकीट लावून.

तू विकलंस आम्हाला? कशासाठी? बढती मिळाली का? मिळाली असेल तर पेढे पाठव, बारा जणी आहोत, मोजून पाठव.

तू शिकायला भूमला असताना सुट्टीत यायचास, तेव्हा माझी आई, तुझी मावशी, स्वतः शिळं खायची आणि तुला ताजी भाकरी वाढायची. हे मी कधी बोलले नव्हते. आज बोलते, कारण आज मला तुझी लाज वाटते.

मीरा कोण आहे? तिचा पत्ता दे. मला तिच्या दारात जाऊन उभं राहायचंय.

गौरी

---

पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

गौरी,

मीराचा पत्ता या पाकिटाच्या मागं आहे. मीरा म्हणजे मी.

मी एकटा नाही. आम्ही नऊ जण आहोत, तीन पाळ्यांत बसतो, सगळ्यांचं नाव मीरा. बाईचं नाव ठेवलं की लोक कमी शिव्या देतात असं कंपनीला वाटतं. मराठीतल्या तक्रारी माझ्याकडं आणि लातूरच्या एका मुलीकडं येतात. एका तक्रारीला चार मिनिटं. पाचवं मिनिट लागलं की स्क्रीनचा कोपरा लाल होतो.

सव्वीस ऑगस्टला तुझं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. नातेवाइकाची तक्रार दुसऱ्याकडं द्यायची असा नियम आहे, मी दिली नाही. भीती वाटली की माझंच गाव मी भरती केलंय हे उघडं पडेल. तब्येतीचा प्रश्न तयार वाक्यातला होता. "इतर कोणी काम केले का" हेही तयार वाक्य होतं. मी पाठवलं आणि मनात म्हणत राहिलो, गौरे, नाही म्हण, फक्त नाही म्हण. तू चार नावं लिहिलीस, गावासकट. धुरपदाबाईंची नोंद घ्या म्हणालीस. माझ्या पाठीमागं महांतेश सर उभे होते, आमच्या पाळीचे प्रमुख. मी बटण दाबलं.

पहिलं पत्र मी तुला खोटं लिहिलं. ते हापिसानंच लिहिलं होतं, भिमाबाई बरोबर बोलल्या. तीन वर्षं दिवसाला शंभर वेळा तीच वाक्यं लिहून माझा हात तसा झालाय.

पण विहाराचं मी विकलं नाही. तुझं अपील माझ्याकडंच आलं. सावडीचं वाचताना कोपरा लाल झाला तरी वाचत राहिलो. मला वाटलं, हे समजण्यासारखं आहे. तुझ्या पत्रातलं सगळं घेऊन मी महांतेश सरांना एक पानभर टिपण लिहिलं: रेंज तिथंच येते, डोंगल एक आहे, बायका खऱ्या आहेत, म्हणून खाती एकाच ठिकाणची दिसतात. त्यांनी ते वर पाठवलं. वर कुणी वाचलं की नाही माहीत नाही. एक जागा, एक जोडणी, बारा खाती, एवढं उचललं आणि सात नावं गेली. तू मीराला खरं सांगून जे केलंस तेच मी साहेबाला खरं सांगून केलं. आपण एकाच गावची माणसं, आपल्याला वाटतं सगळं नीट समजावून सांगितलं की समोरचा समजतो.

खाती उघडण्याचं बटण माझ्याकडं नाही. शपथेवर सांगतो. बंद करायचं आहे, उघडायचं नाही. आमच्या तक्रारींसाठीही एक मदत-खिडकी आहे, तिथं अमरनाथ नावाचा कुणी उत्तर देतो. तुमच्या खात्यांबद्दल मी त्याला चार वेळा लिहिलं. तो म्हणतो, तुमच्या भावना मी समजू शकतो. अमरनाथ माणूस आहे की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही. माझा करार महिन्यामहिन्यानं वाढतो. मीही तुमच्यासारखाच आहे, फक्त खुर्ची वेगळी.

बढती मिळाली नाही. पेढे नाहीत. दुसरं काहीतरी पाठवतोय.

आमचे फोन आत जाताना कुलपात ठेवतात, कागद-पेन नेता येत नाही. म्हणून कंपनीच्या स्क्रीनवरच्या नोंदवहीतल्या चार-चार ओळी रोज पाठ केल्या आणि सुटल्यावर बसथांब्यावर उभा राहून लिहिल्या. सोबतच्या कागदावर बाराही जणींची नावं आहेत. खातं कधी बंद झालं, कुणी केलं, त्याला किती वेळ लागला. पहिली पाच माझ्या हातची आहेत. तुझं चार मिनिटं. आरोहीचं बारा सेकंद, सोनालीचं अकरा, भिमाबाईंचं दहा. धुरपदाबाईंचं नऊ. शेवटची सात एकाच सेकंदाला बंद झालीत, त्यांना माणसाचा हातच लागला नाही. फोटो कुणी परत तपासले का, या रकान्यात बाराही ठिकाणी "नाही" आहे.

तो कागद कुणाला दाखवू नकोस, निदान माझी नोकरी आहे तोवर. खाली सही माझी आहे, प्रेमानंदची.

शिव्या द्यायच्या असतील तर या पत्त्यावर दे. मीराच्या खिडकीत देऊ नकोस, तिथं त्या लातूरच्या पोरीला वाचाव्या लागतात.

प्रेमानंद

---

बोरखडी
२८ ऑक्टोबर २०२५

दादा,

दाखवू नकोस म्हणालास. दाखवलं. विहारात बाकीच्या अकराही जणींना बोलावलं आणि तुझं पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्यानं वाचलं. तुला विचारलं नाही. आमच्याबद्दल वर टिपण पाठवताना तूही मला विचारलं नव्हतंस.

माझा राग गेलेला नाही, गैरसमज नको. पत्र वाचताना दोनदा थांबले, एकदा रडू आलं म्हणून आणि एकदा ते फेकून द्यावंसं वाटलं म्हणून. सोनाली तर म्हणाली, ह्याला गावात पाऊल ठेवू द्यायचं नाही. शेवटी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आधी बटान दाबतो, मग रडतो. दाबायच्या आधी रडला असता तर?" याचं उत्तर तुला सुचलं तर त्यांना लिही.

धुरपदाबाईला निरोप धाडला होता, येईल असं वाटलं नव्हतं. पत्र अर्धं झालं तेव्हा दारात सावली पडली. महिन्याभरानं ती पायरी चढली, मुलाशी भांडून. मी तिच्यासाठी परत पहिल्यापासून वाचलं. नऊ सेकंद म्हटल्यावर तिनं मला थांबवलं. "किती?" म्हणाली. "नऊ." तर म्हणते, "मला चप्पल काढाया त्याच्यापेक्षा जास्ती लागत्यात."

मग आम्ही बसून ठरवलं. सोमवारी धाराशिवला जाऊन एका वकीलबाईंना भेटलो, कोर्टाच्या समोर बसतात. त्यांनी तुझा कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. म्हणाल्या, कायदा अजून तुमच्या कामाच्या मागून चालतोय, खात्री देत नाही, पण हा कागद हातात असला की कंपनीला गप्प बसता येणार नाही. कंपनीला नोटीस जाईल, कामगार अधिकाऱ्यांना अर्ज जाईल. आमचं मागणं एकच: बारा खाती माणसानं बघावीत, नावानिशी, आणि त्या माणसानं खाली स्वतःचं खरं नाव लिहावं.

वकीलबाईंनी एक सल्ला दिला. म्हणाल्या, अर्जात नावं घालू नका, "बोरखडी येथील महिला" एवढंच ठेवा. नावं दिली की त्रास होतो, दुसरीकडं काम मिळायला अडचण येते. शहाणा सल्ला होता. नावं दिल्यानं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी लगेच हो म्हणाले.

धुरपदाबाई नाही म्हणाली. "नाव खोडलं म्हून तर आलाव हितं. आता आपणच खोडायचं व्हय?"

म्हणून नावं आहेत. बाराही, पूर्ण, गावासकट. मीराला दिली होती तशीच. तीच चूक मी परत करतेय, पण यावेळी एकेकीला विचारून.

आता तुझं. सावडीत एक गोष्ट असते, तू शहरात राहून विसरला असशील. ज्याच्यासाठी माणसं येऊन गेली त्यानं परत जाऊन पात धरायची असते. माफी मागून ती फिटत नाही. तुझ्या कंपनीनं आमचं काम घेतलं, तू बारा जणींना रानाबाहेर काढलंस, आणि मग बसथांब्यावर उभा राहून एक पात धरलीस. ती मी मोजते. पण रान अजून उरलंय. हातानं लिहिलेल्या कागदाला कंपनी खोटा म्हणेल, असं वकीलबाई म्हणतात. तो पाठ करणारा माणूस समोर येऊन उभा राहिला तर म्हणता येणार नाही. नोकरी जाईल. मी गोड बोलून सांगत नाही, जाईल. आमची गेली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तुला मी विचारतेय, एवढाच फरक.

अर्जाची प्रत सोबत आहे. पहिलं नाव धुरपदाबाईचं, ती अडूनच बसली. तिच्या नावासमोर सहीचा रकाना बघ. सही तिला येते, चांगली येते. तिनं सही केली नाही. पेन घट्ट धरून, जीभ दातात धरून तिनं लिहिलंय, "म्या हाय." वकीलबाई म्हणाल्या, असं चालत नाही, खोडून नीट सही घ्या. मी खोडू दिलं नाही.

तेराव्या ओळीत मी तुझं नाव लिहिलंय. त्याच्यासमोर काय लिहायचं ते तू ठरव.

गौरी